इदाल्मिसचा कप्पा

आर्सेनियो देश सोडून निघाला तेव्हा त्याने पंधरा दिवसांत घर रिकामं केलं. फ्रीज गेला, पंखे गेले, शिवणयंत्र गेलं, बायकोच्या कुंड्यासुद्धा गेल्या. त्याच्या जुन्या कॉम्प्युटरकडे मात्र कोणी ढुंकून पाहिलं नाही. निघायच्या आदल्या सकाळी तो त्याने उचलला आणि शेजारच्या लेओनेलच्या व्हरांड्यात आणून ठेवला.

"हा तू घे," तो म्हणाला. "फेकायला माझा हात धजत नाही."

"चालतो का?"

"म्हाताऱ्यासारखा चालतो. बसत बसत."

लेओनेल बेटावरच्या, हवानापासून लांब असलेल्या साग्वा ला ग्रान्दे गावातल्या रासायनिक कारखान्यात दाब आणि तापमान मोजायची उपकरणं दुरुस्त करत असे. तीस वर्षं झाली होती. नवीन भाग कधी वेळेवर मिळाला नव्हता, त्यामुळे कुठलीही वस्तू कायमची बिघडते यावर त्याचा विश्वास बसत नसे. त्याने कॉम्प्युटर उघडला, आतली धूळ ब्रशने काढली, पंख्याला शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब दिला आणि बटण दाबलं. यंत्र दोनदा खाकरलं आणि सुरू झालं.

घरात जागेची अडचण होतीच, पण ती खोल्यांची नव्हे. मुलगी याइमा पंधरा वर्षांच्या मुलींचे वाढदिवसाचे फोटो काढायची. मुलगी पंधराची झाली की राणीच्या घेरदार पोशाखात तिचे शंभर तरी फोटो निघाल्याशिवाय गावात कोणाला चैन पडत नाही, आणि याइमाचा लॅपटॉप दर महिन्याला गच्च भरायचा. सासूबाई ओर्तेन्सियांना मालिका लागत. दर आठवड्याला गल्लीतला एक माणूस त्या पेन ड्राइव्हवर भरून आणून द्यायचा आणि पुढच्या आठवड्याला जागा करण्यासाठी जुन्या पुसायला लागायच्या. नायिकेचं लग्न लागायच्या आधीच नायिका पुसली गेली, अशी सासूबाईंची तक्रार होती. लेओनेलची बायको इदाल्मिस दवाखान्याच्या औषधांच्या खिडकीवर बसायची. ती कशाबद्दलच तक्रार करत नसे.

तेव्हा लेओनेलने ठरवलं की या म्हाताऱ्या कॉम्प्युटरलाच घराचं कोठार करायचं. कारखान्यातल्या एकाकडून त्याने यासाठीच बनवलेली, फुकट मिळणारी प्रणाली पेन ड्राइव्हवर आणली. तिला ना पडदा लागत होता ना कीबोर्ड. वीज आणि राउटरपर्यंत एक वायर एवढं पुरे. मग घरातला कुठलाही फोन, टीव्ही, लॅपटॉप त्यातलं हवं ते वाचू शकत होता. कॉम्प्युटरमध्ये मोठी हार्ड डिस्क होतीच. दुसरी लहान त्याने याइमाच्या आधीच्या, मेलेल्या लॅपटॉपमधून काढली. वीज कधी जाईल याचा नेम नव्हता, म्हणून एका बिघडलेल्या विजेच्या स्कूटरची बॅटरी जोडली. यंत्र स्वयंपाकघरामागच्या कोठीत, तांदळाच्या पिंपावरच्या फळीवर बसलं.

एका गोष्टीवर तो दोन दिवस अडला होता. दोन्ही डिस्कवर सगळं सारखंच लिहिलं, तर एक मेली तरी दुसरी राहते. पण मग लहान डिस्कमध्ये मावेल तेवढंच ठेवता येणार, आणि याइमाचे फोटो तर आत्ताच तिच्याहून जास्त होते. शेवटी त्याने जागा निवडली. प्रत्येक गोष्ट एकाच ठिकाणी राहील. पुढे कधी तिसरी डिस्क मिळाली की बघू. तिसरी डिस्क काही मिळाली नाही.

रविवारी जेवणानंतर त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं. सासूबाईंसाठी तो सोप्या शब्दांत बोलत होता.

"हे कपाट समजा. चार माणसांचे चार कप्पे आणि एक सगळ्यांचा. मालिका सगळ्यांच्या कप्प्यात."

"आणि किल्ल्या?" ओर्तेन्सियांनी विचारलं. त्या ऐंशीच्या पुढे होत्या. कानाने कमी ऐकायच्या, पण नेमकं हवं ते ऐकायच्या.

"ज्याची त्याच्याकडे."

"आणि सुताराकडे?"

लेओनेल हसला. "सुताराकडे सगळ्या."

"मला वाटलंच. माझ्या नवऱ्याने जन्मभर कपाटं केली, जावईबापू. मला नका शिकवू."

"असल्या तरी मी कोणाच्या कप्प्यात डोकावणार नाही, सासूबाई."

इदाल्मिस ताटात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "मनात आलं तरी?"

"मनात आलं तरी."

तिने एक खडा बाजूला काढला आणि पुढचे दाणे ओढले. संध्याकाळी तिने आपल्या कप्प्याला नाव दिलं, 'रेसेतास'. डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधाच्या चिठ्ठीलाही तिथे हाच शब्द आणि पाककृतीलाही हाच. यातलं तिला कुठलं म्हणायचंय हे लेओनेलने विचारलं नाही. दोन्हीपैकी काहीही असू शकत होतं.

आठ महिने कोठार उत्तम चाललं. ओर्तेन्सिया अंथरुणातून मालिका बघू लागल्या आणि गल्लीतल्या माणसाला म्हणाल्या, आता घाई नाही, आमच्याकडे साठा आहे. याइमाच्या लॅपटॉपला श्वास घ्यायला जागा झाली. गल्लीतले दोघं-तिघं येऊन कोठीत डोकावून गेले आणि आपल्याकडेही असं काही होईल का म्हणून विचारून गेले. लेओनेल त्यांना बसवून सगळं सांगायचा. कारखान्यात त्याचं कोणी इतकं ऐकून घेत नसे.

नवव्या महिन्यात, एका सोमवारी सकाळी तांदूळ काढायला तो कोठीत गेला आणि त्याला टकटक ऐकू आली. घड्याळासारखी, पण अनियमित. त्याने लॅपटॉपवरून मोठ्या डिस्कची तब्येत पाहिली. डिस्क स्वतःच्या खराब झालेल्या जागा मोजून ठेवते. आकडा नऊ होता. दुपारी साठ झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी चारशे.

त्या दिवशी त्याची सुट्टी होती. त्याने मोठ्या डिस्कवरचं लहानीवर हलवायला घेतलं. याइमाचे जुने फोटो गिऱ्हाइकांकडे पोचलेले होते. ते गेले तरी चालणार होतं. नवे मावले. मग इदाल्मिसचा कप्पा. चार-दोन कागद असतील, पाच मिनिटांचं काम, असं धरून त्याने कॉपी सुरू केली, आणि पडद्यावर आकार उमटला. अकरा जीबी.

अख्ख्या बेटाचा स्वयंपाक लिहून काढला तरी अकरा जीबी भरणार नाहीत, हे त्याला कळत होतं. पण तो उठला नाही आणि त्याने काही उघडलंही नाही. कॉपी होताना प्रत्येक फाइलचं नाव पडद्यावरून सरकत जातं, तेवढंच तो बघत होता. याइमाचा जन्मदाखला. इदाल्मिसचा जन्मदाखला. ओर्तेन्सियांचा. 'आईचं बोलणं १', 'आईचं बोलणं २', असे चौदा व्हिडिओ. आजोबांची पत्रं. वकिलातीचा अर्ज. मग 'आजोबांचा बाप्तिस्मा' हे नाव आलं आणि तिथेच थांबलं. डिस्क टकटकली, एक मिनिट गेलं, दोन गेली, आणि वाचता येत नाही असा लाल मजकूर आला.

कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. स्पेनने, तिथून जुन्या काळी इकडे आलेल्यांच्या नातवंडांसाठी नागरिकत्वाचं दार उघडलं होतं, आणि ज्याच्या ज्याच्या घरात एखादा स्पॅनिश आजोबा सापडत होता तो त्याचे कागद शोधत होता. गावात त्याहून मोठा विषय नव्हता. ओर्तेन्सियांचे वडील कॅनरी बेटांपैकी ला पाल्माहून आले होते, हे लेओनेलला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. फक्त त्याने तिकडून या गोष्टीकडे पाहिलं नव्हतं.

यादीत त्याने स्वतःचं नाव शोधलं. एकाच फाइलवर होतं: लग्नाचा दाखला.

पाच वर्षांपूर्वी इदाल्मिसच्या परदेशी गेलेल्या भावाने टँपाहून निरोप धाडला होता, दोघं या, मी बघतो पुढचं. लेओनेलने नाही म्हटलं होतं. ती आठवडाभर विषय काढत राहिली, तेव्हा तो कावला होता आणि म्हणाला होता, मी इथून हलणार नाही, तुला जायचं तर जा. त्यानंतर घरात तो विषय परत निघाला नाही. विषय मिटला असंच तो समजून होता.

त्याने डिस्क बंद केली. टकटक थांबली.

काहीच न करणं सगळ्यात सोपं होतं. डिस्क मरतात. ही आता मरायला टेकलेलीच होती. आणखी दोन दिवस चालू ठेवली असती तर ती आपल्या पायानेच गेली असती. त्याला कोणी बोल लावला नसता. इदाल्मिसने तर लावलाच नसता. ती त्याच्या हाताच्या कामाला कधीच नाव ठेवत नसे. त्याने हा विचार पूर्ण केला, उपकरणाची तपासणी करावी तसा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग जेवायला गेला.

काळे घेवडे आणि भात होता, वर तळलेलं अंडं. इदाल्मिस दुपारच्या सुट्टीत आली होती.

"यंत्रातली एक डिस्क आजारी आहे," तो म्हणाला. "तुझ्या कप्प्यात काही जपण्यासारखं आहे?"

तिने काट्याने अंडं फोडलं. "आहे थोडंफार."

"दुसरीकडे ठेवलंयस कुठे?"

"नाही. माझा फोन बंदच पडला, तुला माहीत आहे. आणि पत्रं… काही कागद होते जुने, त्यांना वाळवी लागली होती, ते मी टाकून दिले. तूच म्हणालास ना, इथे सुरक्षित आहे."

"म्हणालो होतो," लेओनेल म्हणाला.

ओर्तेन्सिया दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने डिस्क टॉवेलात गुंडाळली आणि कारखान्यात नेली. घरी दिवसातून चार-पाच तास वीज असायची; उपकरणांच्या कार्यशाळेत ती जात नसे. मरत्या डिस्कवरून माहिती काढायची एक रीत असते. आधी जे सहज येतं ते सगळं उचलून घ्यायचं आणि अडेल तिथून उडी मारून पुढे जायचं. मग मागे फिरून अडलेल्या जागा एकेक करून पुन्हा मागायच्या, दहा वेळा, वीस वेळा. काही देतात, काही देत नाहीत. डिस्क तापू द्यायची नाही. त्याने तिच्याखाली ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवला आणि समोर टेबलपंखा लावला. बाजूच्या टेबलावर तो दाबमापकांचं नेहमीचं काम करत राहिला आणि मधून मधून आकडा बघत राहिला.

पहिल्या दिवशी शंभरातले नव्वद भाग आले. दुसऱ्या दिवशी सत्त्याण्णव. त्या दिवशी फोरमन येऊन उभा राहिला.

"हे कसलं मापक, लेओनेल?"

"घरचं आहे."

"काय मोजतं?"

"अजून कळलं नाही."

फोरमनने आणखी विचारलं नाही. कार्यशाळेत सगळ्यांचीच घरची कामं येत असत.

तिसऱ्या दिवशी दुपारी डिस्क एकदा जोरात टकटकली आणि त्यानंतर तिने फिरायचंच सोडलं. तोवर जे आलं ते आलं. 'आईचं बोलणं ९' हा व्हिडिओ गेला होता. बाकी सगळं असावं असं दिसत होतं, पण बाप्तिस्म्याच्या पानाबद्दल खात्री नव्हती, आणि खात्री करायची तर ते उघडणं भाग होतं. लेओनेलने हात पुसले आणि उघडलं.

चर्चच्या जुन्या नोंदवहीचा फोटो होता. ला पाल्मातल्या कुठल्याशा चुलत भावाने काढून पाठवलेला. कडेला त्याचा अंगठा आला होता. खालचा एक तृतीयांश भाग राखाडी पट्टा झाला होता. वर मात्र अक्षरं स्पष्ट होती: दोमिंगो पेस्ताना लोरेन्सो, औरस पुत्र अमक्या-तमक्याचा. समासात पानाचा क्रमांक आणि वहीचा क्रमांक. तेवढं असलं की चर्च पुन्हा दाखला देऊ शकतं, हे त्याला गावातल्या बोलण्यांवरून माहीत होतं. त्याने फाइल बंद केली आणि दुसरी कुठलीही उघडली नाही.

शनिवारी सकाळी पाणी आलं होतं आणि इदाल्मिस परसात चादरी पिळत होती. लेओनेलने चादरीचं दुसरं टोक धरलं.

"तुझं सगळं निघालं," तो म्हणाला. "आईचा एक व्हिडिओ गेला, नववा. आजोबांच्या बाप्तिस्म्याचं पान खालून गेलंय, पण क्रमांक वाचता येतात. ते एक पान मला उघडावं लागलं."

तिचे हात थांबले. पाणी ठिबकत राहिलं.

"नावं बाकीची पण पाहिलीस."

"कॉपी करताना दिसतात."

"हं."

"कधी सांगणार होतीस?"

"वकिलातीची तारीख मिळाली की. तारीखच नाही तर आधीपासून भांडण कशाला?" तिने चादर पुन्हा पिळायला घेतली, त्यालाही पिळावी लागली. "तूच म्हणाला होतास, तुला जायचं तर जा."

"रागात म्हणालो होतो."

"मला माहीत आहे. मीही रागातच सुरू केलं. मग राग गेला, काम राहिलं."

त्यांनी चादर दोरीवर टाकली. लेओनेलने चिमटे दिले.

"माझं नाव एकाच कागदावर आहे," तो म्हणाला.

"लग्नाचा दाखला. नवऱ्याला मागून बोलवायचं तर तोच लागतो." ती दुसरी चादर काढायला वाकली. "तुला विचारलं नव्हतं. पण तो काढून ठेवला होता. सगळ्यात आधी."

 लेओनेलला वाईट वाटलं होतं, आणि बरंही, आणि या दोन्हींतलं कुठलं जास्त ते त्याला कळेना. तो आत जाऊन कॉफी करून घेऊन आला. दोघांनी उभ्याउभ्याच प्यायली.

आतून ओर्तेन्सियांनी हाक मारली. त्या खिडकीशी बसून होत्या.

"जावईबापू, माझं नववं बोलणं गेलं म्हणतात."

"गेलं, सासूबाई."

"त्यात मी तुम्हाला शिव्या घातल्या होत्या. बरं झालं. हिला म्हणत होते की या माणसाला विचार, विचार, तर म्हणे तो नाहीच म्हणणार."

"तुम्ही पण जाणार का?"

"मी? माझा बाप तिथून उपाशी पळाला. चाळीस दिवस बोटीत ओकत आला. आणि आता मी परत जाऊन त्यांना सांगू की आम्हाला इकडे पण पुरलं नाही?" त्यांनी हात झटकला. "मी इथेच मरणार. तुम्हीच मला पुरा, तुमचे हात चांगले आहेत."

त्या आठवड्यात याइमाने स्वतःच आपले वाचलेले जुने फोटो पुसून टाकले, आणि फोरमनने कुठूनशी मिळवून दिलेली एक डिस्क घालून लेओनेलने सगळं दोन ठिकाणी ठेवायला सुरुवात केली. कप्प्याला असं कुलूपही लावता येतं की सुतारालासुद्धा उघडता येणार नाही, हेही त्याने इदाल्मिसला दाखवलं. तिने नीट बघून घेतलं आणि लावलं नाही.

चर्चचा नवा दाखला यायला चार महिने गेले, वकिलातीची तारीख यायला आणखी सात. इदाल्मिस आणि याइमाचे पासपोर्ट आले तेव्हा याइमा व्हरांड्यात बसून रडली. इदाल्मिसने तांदूळ निवडायला घेतले. लेओनेलने जायला नकार दिला नाही आणि होकारही दिला नाही. म्हाताऱ्या बाईंना एकटं टाकता येत नाही एवढंच तो म्हणाला, आणि ते खरं होतं, त्यामुळे त्यावर कोणाला वाद घालता आला नाही. फेब्रुवारीत तो दोघींना हवानाच्या विमानतळावर सोडून आला. येताना बस दोन ठिकाणी बंद पडली आणि दुसऱ्यांदा त्यानेच खाली उतरून इंजिनचा पट्टा बांधून दिला.

मग तो आणि सासूबाई उरले. इदाल्मिस कॅनरी बेटांपैकी तेनेरिफेत एका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची सेवा करायची आणि रविवारी फोन करायची. इकडे लेओनेल तिच्या आईचे केस धुवायचा, नखं कापायचा. ओर्तेन्सिया म्हणायच्या, दोन म्हातारे, दोन बेटं, आणि नवरा-बायकोचा धंदा एकच. तो हसायचा. त्याला सासूबाईंबद्दल पूर्वी वाटायचा तो धाक आता राहिला नव्हता. त्या दोघांची ज्यांच्याबद्दल तक्रार असायची ती माणसं एकच होती आणि ती दूर होती, त्यामुळे त्यांचं चांगलं जमत होतं.

पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात ओर्तेन्सिया झोपेतच गेल्या. लेओनेलने इदाल्मिसला फोन केला. तिने विचारलं, "तू जेवलास का?" तो नाही म्हणाला. "आधी जेव," ती म्हणाली. "मग बोलू." त्याने भात गरम केला, खाल्ला आणि पुन्हा फोन लावला. तेव्हा ती रडली.

नोव्हेंबरात एका सोमवारी त्याने कारखान्यातून अर्धी रजा टाकली आणि नोंदणी कचेरीत गेला. त्याच्यापुढे बावीस माणसं होती. आत खिडकीपाशी जाड चष्म्याची एक बाई होती.

"काय हवंय?"

"जन्मदाखला. माझा."

"इथे वापरायला की बाहेर?"

मागच्या माणसाने पुढे सरकत त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. बाईने पेन उचलून धरलं होतं.

"बाहेर," लेओनेल म्हणाला.

तिने कागदावर खूण केली. "गुरुवारी या. दहाच्या आत या, नंतर वीज नसते."